न वाजलेली शिट्टी आणि एक डावा बूट

मित्रांनो, मी एक जुना काळा बूट आहे, आणि तोही डाव्या पायाचा. माझ्या टाचेचे रबर एका बाजूने झिजले आहे आणि नाकावर एक आडवी घडी कायमची बसली आहे. स्वभावाने मी संशयी आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझे सगळेच बोलणे तुम्ही डोळे मिटून खरे मानणार नाही.

हा संशय मला जन्मापासून चिकटला. ज्या कारखान्यात मी तयार झालो, तिथे डावे बूट एका टेबलावर शिवत आणि उजवे दुसऱ्या. आमच्या टेबलावरची बाई दोरा घट्ट ओढायची. पलीकडचा कारागीर गप्पिष्ट होता, त्याचे तोंड हातापेक्षा जास्त चाले. शेवटी आम्हा दोघांना एका खोक्यात घातले, झाकण लावले आणि आमची जोडी ठरवून टाकली. ज्याचे मी तोंडही पाहिले नव्हते, तो उजवा एकदम माझा सख्खा भाऊ झाला!

"आपण भाऊ-भाऊ," उजवा आनंदाने म्हणाला.

"बघू," मी म्हणालो.

दुकानात गिऱ्हाइकांना दाखवायला नेहमी मलाच काढत. उजवा खोक्यात आरामात झोपलेला असे. गिऱ्हाईक माझे नाक अंगठ्याने दाबायचे, तळवा वाकवून बघायचे, आत हात घालून चाचपायचे आणि एवढे करून वर दुकानदाराला विचारायचे, "टिकेल ना नक्की?" ज्याला रोज कोणीतरी दाबून बघते, तो हळूहळू दुसऱ्यांना दाबून बघायला शिकतो.

मग एक दिवस पंचबाई आल्या. त्यांनी मला दाबले नाही. आम्हा दोघांना पायात घातले, नाड्या बांधल्या आणि दुकानभर उलट्या पळत सुटल्या. मागच्या कपाटाला धडकायच्या आत गर्रकन वळून थांबल्या.

"अहो, उलटं काय पळताय?" दुकानदार घाबरून म्हणाला.

"माझं निम्मं काम उलटं पळायचंच असतं," बाई म्हणाल्या. "द्या हे."

बाई बास्केटबॉलच्या पंच होत्या. खेळाडू पुढे धावतात तेव्हा पंचाला त्यांच्याकडे तोंड करून मागे मागे पळावे लागते. पण हे काम सुट्टीच्या दिवसाचे. एरवी त्यांचे चष्म्याचे दुकान होते. तिथे त्या लोकांचे डोळे तपासत, काचा घासत, मोडलेल्या काड्या बसवून देत. त्यामुळे मैदानावर प्रेक्षकांची चंगळच असायची. निर्णय आवडला नाही की कोणीतरी ओरडायचेच, "ओ चष्मेवाल्या बाई, आधी स्वतःचा नंबर तपासा!" तेव्हा माझ्या आत बाईंचा अंगठा किंचित वर व्हायचा. त्यांना हसू आले की तो तसा व्हायचा, हे एका बुटाशिवाय कोणाला कळणार?

ते दिवस फार चांगले होते, मित्रांनो. सामना संपला की बाई ओल्या फडक्याने आम्हाला पुसत, आत जुने वर्तमानपत्र कोंबत आणि खिडकीत वाऱ्याला ठेवत. मैदानावर त्यांची एक ठरलेली रीत होती. आधी टाच जमिनीत रोवायची, मग शिट्टी. टाच रोवली म्हणजे बाईंची खात्री झाली. एकदा शिट्टी वाजली की समोर कितीही आरडाओरडा होवो, टाच हलत नसे. माझा जगात कोणावर विश्वास नव्हता, अगदी उजव्यावरही नाही. त्या टाचेवर मात्र होता.

म्हणूनच पुढे जे झाले ते मला फार लागले.

त्या वर्षी मुलींच्या स्पर्धेची अंतिम फेरी टेकडी क्लब आणि पूल क्लब यांच्यात होती. पूल क्लबाकडून बाईंची भाची खेळायची. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण चेंडू हातात आला की ती एका जागी टिकत नसे. भिंगरीची आई म्हणजे बाईंची धाकटी बहीण. भाची खेळत असेल त्या सामन्याला बाई कधीच पंच म्हणून उभ्या राहत नसत. पण सामन्याच्या दिवशी सकाळी स्पर्धेचे सचिव दारात येऊन उभे राहिले. आम्ही दाराजवळच्या फळीवर होतो. त्यांचे टोकदार बूट सारखे या पायावरून त्या पायावर होत होते. मला तेव्हाच खटकले.

"ठरलेले पंच येत नाहीत. दाढ सुजली आहे," सचिव म्हणाले. "तुम्हीच सांभाळून घ्या."

"अहो, माझी भाची खेळतेय."

"ठाऊक आहे सगळ्यांना. दोन्ही क्लबांना विचारूनच आलोय. तुमच्याबद्दल कोणाच्या मनात शंका नाही."

कोणाच्या मनात शंका नाही असे कोणी म्हटले की मला हमखास शंका येते. नेमकी आजच दाढ कशी सुजली? बाईंनाच का बोलावले? मी उजव्याला म्हटले, "डाळीत काहीतरी काळं आहे." तो म्हणाला, "तुला डाळ तरी कधी पांढरी दिसली?"

मैदानावर पोचलो तेव्हा माझा संशय दुप्पट झाला. कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बोळात टेकडी क्लबाचे प्रशिक्षक बाईंना गाठून उभे राहिले. मला दिसत होते ते फक्त पाय, एकमेकांच्या फार जवळ आलेले. वरून 'टक' असा काहीतरी मिटल्याचा आवाज आला.

"वेळेवर झालं बघा," प्रशिक्षक हळूच म्हणाले. "उपकार झाले तुमचे."

"आता इथे नका काढून बघू. खिशात ठेवा," बाई म्हणाल्या.

बोळातून जाणारी दोनचार माणसे थबकली. त्यांच्या चपला क्षणभर आमच्याकडे वळल्या आणि मग घाईघाईने पुढे गेल्या.

सामना अटीतटीचा झाला. शेवटची काही सेकंदे उरली तेव्हा टेकडी एका गुणाने पुढे होती आणि चेंडू भिंगरीकडे होता. प्रेक्षकांच्या आवाजाने लाकडी जमीन थरथरत होती. दुसरे पंच मध्यरेषेजवळ अडकले होते, त्यांच्यासमोर खेळाडूंची भिंत. बाई अगदी बास्केटच्या बाजूला, भिंगरीपासून दोन हातांवर.

आता नीट ऐका. बास्केटबॉलमध्ये चेंडू धरून थांबल्यावर एक पाय जागेवर रोवून ठेवावा लागतो. तो सरकला की चूक. शिट्टी वाजते आणि चेंडू दुसऱ्या संघाला मिळतो. भिंगरी थांबली, वळली, आणि तिचा रोवलेला पाय सरकला. चांगला वीतभर सरकला. मी जमिनीवरच राहतो, पायांच्या बाबतीत माझी चूक होत नाही. बाईंची टाच उचलली गेली, रोवायला खाली येऊ लागली, आणि मध्येच थांबली. शिट्टी नाही.

भिंगरीने उडी मारली. समोर टेकडीची सगळ्यांत उंच मुलगी होती, तिला 'शिडी' म्हणत. शिडीचा हात भिंगरीच्या मनगटावर सप्पकन बसला. हा सरळ फाऊल. शिट्टी वाजली असती तर भिंगरीला दोन मोकळ्या फेकी मिळाल्या असत्या, आणि कदाचित सामनाही. बाईंची टाच पुन्हा उचलली गेली. पुन्हा अधांतरी.

चेंडू कड्यावर आपटून बाहेर पडला. वेळ संपल्याचा भोंगा वाजला. टेकडी जिंकली.

मग जो गदारोळ झाला तो काय सांगू! "फाऊल! फाऊल!" पूल क्लबाचे लोक खुर्च्यांवर चढले. दुसरे पंच धावत आले आणि म्हणाले, "तुमच्या बाजूचं होतं ते, मला काही दिसलं नाही." कोणीतरी पाण्याची बाटली भिरकावली. ती आमच्यासमोर फुटली आणि मी आतपर्यंत भिजलो.

बोळात धाकटीने बाईंना अडवले. तिचा आवाज चिरका झाला होता.

"ताई, हात लागला ना तिला? सगळ्यांनी पाहिला!"

बाईंची टाच मागे सरकली.

"बोल ना! लहानपणापासून तुला चांगलं म्हणवून घ्यायची हौस! बघा, बघा, स्वतःच्या भाचीलाही सोडत नाही! या वेळी तो चांगुलपणा माझ्या पोरीच्या जिवावर मिरवलास तू."

"धाकटे, आपण घरी बोलू."

"कोणाच्या घरी? माझ्या घरी पाय ठेवू नकोस."

भिंगरी आईच्या मागे उभी होती. तिच्या बुटांची टोके आत वळली होती. मला तिचाही संशय आला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हाला तसेच ओले एका प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबले, पिशवीला गाठ मारली आणि दुकानाच्या काउंटरखाली ढकलून दिले. ना फडके, ना कागद, ना खिडकी. अंधारात आम्ही दोघे नाकाला नाक लावून पडलो. हळूहळू अंगावर बुरशी चढली.

काउंटरवरचे बोलणे मात्र ऐकू यायचे, आणि त्यावरून दुकानातले बाकीचे मी ताडायचो. शिडीच्या फटक्याचे चित्रण कोणीतरी मोबाइलवर केले होते. ते गावभर फिरत होते. त्यात हात स्वच्छ दिसत होता, पण चित्र गुडघ्यांशी कापलेले होते. पाय कोणाला दिसलेच नव्हते! लोक म्हणत, बोळात पाकीट दिले-घेतले, आम्ही डोळ्यांनी पाहिले. एका सकाळी दुकानाच्या काचेवर कोणीतरी रंगाने दोन डोळे काढून त्यांवर फुल्या मारल्या. बाई दिवसभर ती काच खरवडत होत्या. सचिव येऊन म्हणाले, "थोडे दिवस विश्रांती घ्या. लोक विसरतात."

पिशवीत माझी आणि उजव्याची रोज जुंपायची.

"बाईंनी भाचीला सांभाळून घेतलं," मी म्हणायचो. "पाय सरकला तरी सोडून दिलं."

"मग फाऊल का नाही दिला?"

"कारण टेकडीवाल्यांकडून काहीतरी घेतलं होतं."

"मग पाय सरकल्याची शिट्टी वाजवायला काय झालं होतं? ती तर टेकडीच्याच फायद्याची होती, आणि खरीही."

माझे दोन संशय एकमेकांच्या पायात पाय घालून पडायचे. मी पुन्हा त्यांना उभे करायचो. दुसरा उद्योग काय होता?

बरेच दिवस गेले. एका दुपारी दुकानाचे दार उघडले आणि मला ओळखीच्या पावलांचा आवाज आला. भिंगरी होती.

"मावशी, डोळे दुखतायत. तपासतेस?"

बाईंनी तिला खुर्चीत बसवले, नाकावर तपासणीची गोल चौकट चढवली आणि समोरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. त्या एकेक काच बदलत होत्या. "आता बरं दिसतंय की आधी?" "ही काच बरी की ही?" दोघींमध्ये एवढेच बोलणे. भिंगरीने शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली.

"तुझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या.

"मावशी, इथे कसला वास येतोय?"

आमचाच येत होता! भिंगरीने काउंटरखाली हात घातला, गाठ सोडली आणि आम्हाला उजेडात काढले. कितीतरी दिवसांनी वारा लागला. पण माझ्या पांढऱ्या पडलेल्या अंगाकडे बघून तिचा चेहरा उतरला.

"हे तुझे सामन्याचे बूट ना? पुसलेसुद्धा नाहीस?"

"राहू दे. परत कुठे घालायचेत?"

भिंगरी मला हातात घेऊन उभी राहिली आणि एकदम रडायला लागली.

"मावशी, माझा पाय सरकला होता. हात लागायच्या आधी. मी सांगितलंच नाही कोणाला. सगळे तुला बोलत होते आणि मी..."

"माहीत आहे मला."

"काय?"

"पाय सरकलेला. मी पाहिला."

भिंगरीचे रडणे थांबले. "मग शिट्टी का नाही वाजवलीस?"

बाई स्टुलावर बसल्या. चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"तेव्हा डोळ्यांसमोर तुझी आई आली. शेवटच्या क्षणाला पोरीवर शिट्टी वाजवली तर काय म्हणेल ती? एवढा विचार केला आणि तेवढ्यात वेळ गेली. मग तुला हात लागला. तोही पाहिला मी. पण म्हटलं, तुझी चूक सोडली, आता तिची कशी पकडू? तीही शिट्टी तोंडातच राहिली. त्या दोन क्षणांत मी पंच नव्हते ग. नुसती मावशी होते, आणि तीही धड नाही."

"पण पाय आधी सरकला होता. म्हणजे निकाल बरोबरच लागला ना?"

"निकाल बरोबर लागला. पण मी नाही लावला. तो आपला आपण लागला."

मित्रांनो, मी इतके संशय घेतले होते, पण हा माझ्या मनात आला नव्हता. लोभ नाही, कावा नाही, चांगुलपणाची हौसही नाही. एक बाई आपल्या बहिणीला घाबरली होती, बस.

भिंगरीने तिथेच बसून आम्हाला घासले. दात घासायच्या जुन्या ब्रशने शिवणीतली बुरशी काढली आणि दारातल्या उन्हात ठेवले. मग डोळे पुसून म्हणाली, "आज आईला सगळं सांगते."

पुढच्या आठवड्यात क्लबांची सभा होती. बाई आम्हाला घालून गेल्या आणि जे भिंगरीला सांगितले तेच उभे राहून सगळ्यांना सांगितले. माझ्या आत त्यांची बोटे थंडगार पडली होती, पण टाच रोवलेली होती. मागून कोणीतरी ओरडले, "ही आता नवीन गोष्ट रचली! आणि पाकिटाचं काय?"

तेव्हा टेकडीचे प्रशिक्षक उठले. त्यांनी नाकावरचा चष्मा काढून उंच धरला.

"हे ते पाकीट! यावर बसलो होतो मी. काडी मोडली, ती बाईंनी बसवून दिली. तुम्हाला वाटलं मी त्यांना काही दिलं. अहो, त्यांनी मला दिलं!"

लोक हसले. भिंतीशी गाल धरून बसलेले ते दाढवाले पंचही हसले आणि लगेच कळवळले. त्यांची दाढ अजून बरी झाली नव्हती. माझा तोही संशय गळून पडला. पण सगळे हसले नाहीत. काही चपला तशाच तिरक्या, दाराकडे तोंड करून राहिल्या. एकदा मनात बसलेले किल्मिष इतक्या सहज निघत नाही, हे मी स्वतःवरूनच सांगतो. बाईंनी आपणहून तो हंगाम सोडला. ज्या सामन्यात आपले माणूस खेळते तिथे पंच म्हणून उभे राहायचे नाही, असा नियम त्याच सभेत झाला.

धाकटी शेवटच्या रांगेत होती. सभा संपताच कोणाशी न बोलता निघून गेली. मी उजव्याला म्हटले, "ही काही विसरणार नाही."

मग एका रविवारी सकाळी दारात पावले वाजली. बाईंनी दार उघडले. धाकटी उंबऱ्याबाहेर उभी होती. आत येईना, परत जाईना.

"ताई," धाकटी शेवटी म्हणाली, "माझा नंबर बदललाय बहुतेक. लांबचं सगळं दिसतं. जवळचं दिसेनासं झालंय."

"वयच आहे तसं," बाई म्हणाल्या. "माझंही तेच झालंय. ये आत."

धाकटीने चपला काढल्या आणि आमच्या शेजारी फळीवर ठेवल्या. दुपार झाली तरी त्या तिथेच होत्या.

पुढच्या हंगामात बाई पुन्हा मैदानात उतरल्या, लहान मुलांच्या सामन्यांपासून. आता माझे रबर अगदीच झिजले आहे, म्हणून त्यांनी नवे बूट घेतले आहेत. आम्ही दोघे खिडकीत बसून असतो, कधी बागेत माती तुडवायला जातो. उजवा अजून मला भाऊ म्हणतो. मी हल्ली "बघू" म्हणत नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. बूट ओले झाले तर पिशवीत कोंडू नका. पुसा, वारा द्या, उन्हात ठेवा. आणि कोणाबद्दल मनात शंका आली तर तीही कोंडून ठेवू नका. त्या माणसाकडे जा, समोर बसा आणि सरळ विचारा. आम्हा बुटांना जीभ असते, नाडीखाली दडलेली, पण तिने बोलता येत नाही. तुम्हाला येते.